सात इंच म्हणजे नक्की किती?

लहान टॅब्लेट किंवा ई-रीडर घेताना बहुतेक जण खोक्यावरचा इंचांचा आकडा पाहतात आणि त्यावरूनच निर्णय घेतात. पण हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. घरातल्या कोणाला, काय वाचायला, किती मोठा पडदा लागतो, याचा हा हिशेब.

घरात टॅब्लेट किंवा ई-रीडर घ्यायचा विचार सुरू झाला, की प्रत्येकाचे मत वेगळे निघते. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला नोट्स वाचायच्या असतात. धाकट्याला गोष्टी आणि व्हिडिओ हवे असतात. आजींना डोळ्यांना त्रास न होता कादंबरी वाचायची असते आणि वडिलांना प्रवासात बॅगेत मावेल असे काहीतरी हवे असते. दुकानदार विचारतो, ‘‘सहा इंची देऊ, सात इंची देऊ, की आठ इंची?’’ एका इंचाने असा काय फरक पडणार, असे वाटून आपण स्वस्त असेल ते उचलतो किंवा महाग तेच चांगले, असे मानून मोकळे होतो.

पुढे काय होते, हे अनेक घरांना ठाऊक आहे. पहिले पंधरा दिवस यंत्र हातोहात फिरते. मग ‘अक्षर फार बारीक आहे’, ‘हात भरून येतो’, ‘पान नीट दिसत नाही’ अशा तक्रारी सुरू होतात आणि काही महिन्यांत ते कपाटात जाऊन पडते. पैसे वाया जातातच. पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे, जे माणूस वाचनाच्या ओढीने यंत्राकडे वळले होते, त्याचे वाचन सुटते. म्हणूनच खरेदीपूर्वी या इंचांचा अर्थ समजून घेतलेला बरा.

इंच मोजतात तिरके

पहिली गोष्ट म्हणजे पडद्याचा आकार कधीच लांबीत किंवा रुंदीत सांगितला जात नाही. तो कर्णात सांगितला जातो, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी लावून. ही प्रथा दूरदर्शन संचांपासून चालत आली. सुरुवातीच्या संचांतील काचेच्या नळीचे तोंड गोल असे आणि तिचा व्यास हेच संचाचे माप मानले जाई. पुढे नळ्या चौकोनी झाल्या, तेव्हा व्यासाची जागा कर्णाने घेतली. वीस इंची, एकवीस इंची हे शब्द आपल्या घराघरांत रुळले ते याच मापातून. संगणक, मोबाईल, टॅब्लेट आले, तरी पट्टी तिरकीच राहिली.

अडचण अशी, की कर्ण सारखा असला म्हणजे पडदा सारखा असतोच असे नाही. शाळेत शिकलेले पायथागोरसचे प्रमेय इथे उपयोगी पडते. सात इंची कर्णाचे दोन आयत घ्या. एक ४:३ या प्रमाणातला, म्हणजे पुस्तकाच्या पानासारखा काहीसा चौकोनी. दुसरा १६:१० या प्रमाणातला, म्हणजे उंच आणि अरुंद. पहिला ५.६ इंच उंच आणि ४.२ इंच रुंद भरतो. दुसरा सुमारे ५.९ इंच उंच, पण रुंदीला जेमतेम ३.७ इंच. क्षेत्रफळ काढले, तर पहिला साडेतेवीस चौरस इंच आणि दुसरा बावीस. दोन्हींच्या खोक्यावर मात्र ‘७ इंच’ एवढेच लिहिलेले!

आता आणखी एक गंमत पाहा. हल्लीच्या मोठ्या मोबाईलचा पडदा ६.७ इंच असतो. सहा इंची ई-रीडरपेक्षा तो मोठाच असणार, असे कोणालाही वाटेल. पण मोबाईलचे प्रमाण बहुधा २०:९ असे फारच लांबुळके असते. त्यामुळे त्याची रुंदी पावणेतीन इंच आणि क्षेत्रफळ सुमारे १६.८ चौरस इंच भरते. सहा इंची ई-रीडर ४:३ प्रमाणाचा असल्याने त्याची रुंदी ३.६ इंच आणि क्षेत्रफळ १७.३ चौरस इंच. म्हणजे आकड्याने लहान असलेला पडदा प्रत्यक्षात थोडा मोठाच निघाला. शिवाय वाचताना महत्त्व असते ते ओळीच्या रुंदीला. पावणेतीन इंचांत मराठीचे चार-पाच शब्द बसतात आणि ओळ संपते. नजर सतत डावीकडे-उजवीकडे धावत राहते.

दुसरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे कर्ण एका इंचाने वाढला, की क्षेत्रफळ त्याहून बरेच जास्त वाढते. प्रमाण तेच ठेवून सहावरून सात इंचांवर गेलात, तर जागा ३६ टक्क्यांनी वाढते. सहावरून आठवर गेलात, तर ७८ टक्क्यांनी. तेव्हा ‘एका इंचाने काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर ‘बरेच काही होते’ असे आहे.

एका दृष्टिक्षेपात
(उंची व रुंदी इंचांत, क्षेत्रफळ चौरस इंचांत, आकडे कर्णावरून काढलेले व जवळच्या अंकापर्यंत)

मोबाईल, ६.७ इंच, २०:९ — ६.१ × २.७५ — १६.८
ई-रीडर, ६ इंच, ४:३ — ४.८ × ३.६ — १७.३
टॅब्लेट, ७ इंच, १६:१० — ५.९ × ३.७ — २२
ई-रीडर, ७ इंच, ४:३ — ५.६ × ४.२ — २३.५
टॅब्लेट, ८ इंच, १६:१० — ६.८ × ४.२ — २८.८
टॅब्लेट, ७.९ इंच, ४:३ — ६.३ × ४.७ — ३०
टॅब्लेट, १०.२ इंच, ४:३ — ८.२ × ६.१ — ५०

या यादीतही ७.९ इंची पडदा ८ इंचीपेक्षा मोठा आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

सात इंचांवरून झालेला वाद

पडद्याच्या आकारावरून मोठमोठ्या कंपन्यांतही वाद झाले आहेत. अ‍ॅपल कंपनीने २०१० मध्ये आयपॅड आणला, तो ९.७ इंची होता. त्याच वर्षी सॅमसंगने सात इंची गॅलॅक्सी टॅब आणला. तेव्हा अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये सात इंची यंत्रांची चांगलीच टिंगल केली. सात इंची पडदा आयपॅडच्या जेमतेम ४५ टक्के भरतो, त्यावर बोट नीट टेकायचे, तर ग्राहकांना बोटे घासून बारीक करायला सँडपेपर द्यावा लागेल, अशा आशयाचे त्यांचे बोलणे होते. त्यातला टक्केवारीचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. कर्णाचा आकडा फसवा असतो, हेच ते सांगत होते.

पण ग्राहकांना हलके, स्वस्त आणि एका हातात मावणारे यंत्र हवे होते. अ‍ॅमेझॉनने २०११ मध्ये १९९ डॉलरला सात इंची किंडल फायर आणला. २०१२ मध्ये गुगलचा सात इंची नेक्सस ७ आला. अखेर त्याच वर्षी खुद्द अ‍ॅपलने आयपॅड मिनी बाजारात आणला. मात्र तो सात इंची नव्हता. ७.९ इंच आणि ४:३ प्रमाण, अशी त्याची रचना होती. त्यामुळे सात इंची, १६:१० पडद्याच्या तुलनेत त्यावर सुमारे ३६ टक्के जास्त जागा मिळाली. आकड्यातला फरक ०.९ इंचाचा, पण वाचणाऱ्याला तो पानाच्या एक तृतीयांशाहून अधिक!

आपल्या देशातही ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठी स्वस्त ‘आकाश’ टॅब्लेट जाहीर झाला, तो सात इंचीच होता. तो का रुचला नाही, याची कारणे अनेक होती. त्यातले एक पडद्याशी निगडित होते. त्यावर ८०० × ४८० एवढेच ठिपके होते. हे ठिपक्यांचे प्रकरण मराठी वाचकाला विशेष महत्त्वाचे आहे.

देवनागरीला ठिपके जास्त लागतात

पडद्यावरचे प्रत्येक अक्षर बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. एका इंचात किती ठिपके बसवले आहेत, यावर अक्षराची सुबकता अवलंबून असते. ‘आकाश’च्या पडद्यावर एका इंचात सुमारे १३३ ठिपके होते. अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर २००७ मध्ये ३९९ डॉलरला विकायला आणलेल्या पहिल्या सहा इंची किंडलवर १६७ होते. हल्लीच्या बहुतेक ई-रीडरवर ३०० असतात.

इंग्रजी अक्षरे एकामागोमाग एक, सुटी मांडलेली असतात. आपल्या लिपीचा कारभार निराळा. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये शिरोरेघ आणि अक्षराचे अंग, खाली उकार आणि ऋकार, शिवाय जोडाक्षरे. १२ पॉइंटाचे अक्षर म्हणजे इंचाचा सहावा भाग. १३३ ठिपक्यांच्या पडद्यावर या उंचीत सगळे मिळून बावीस ठिपके येतात. त्यांत हा सारा लवाजमा कोंबायचा म्हटल्यावर ‘ध’ आणि ‘घ’ एकसारखे दिसू लागतात आणि ‘उद्ध्वस्त’ या शब्दाचे नावाप्रमाणेच होते. ३०० ठिपक्यांच्या पडद्यावर त्याच उंचीत पन्नास ठिपके मिळतात आणि अक्षर छापल्यासारखे दिसते. तेव्हा स्वस्तातला मोठा पण विरळ ठिपक्यांचा पडदा आणि थोडा लहान पण दाट ठिपक्यांचा पडदा, यांतून निवड करायची असेल, तर मराठी वाचणाऱ्याने दुसरा घ्यावा.

ई-रीडर आणि टॅब्लेट : जात वेगळी

आकाराची तुलना करताना आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ई-रीडर आणि टॅब्लेट दिसायला भावंडे असली, तरी त्यांचे पडदे वेगळ्या जातीचे आहेत.

टॅब्लेटचा पडदा आतून उजळलेला असतो. ई-रीडरचा पडदा मात्र कागदासारखा, बाहेरचा उजेड परतवणारा असतो. हे तंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमधील संशोधनातून पुढे आले आणि त्यासाठी १९९७ मध्ये ‘ई इंक’ ही कंपनी स्थापन झाली. या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण असतात आणि त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. विजेचा दाब बदलला, की कुठे पांढरे कण वर येतात, तर कुठे काळे, आणि पानावर अक्षर उमटते. एकदा उमटलेले पान तसेच ठेवायला वीज लागत नाही. ती खर्च होते मुख्यतः पान उलटताना. म्हणूनच ई-रीडरची बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते, तर टॅब्लेट रोज-दोन रोजांनी चार्जिंगला लावावा लागतो. असा पडदा असलेला पहिला ई-रीडर सोनी कंपनीने २००४ मध्ये जपानमध्ये विक्रीस आणला. तोही सहा इंचीच होता.

या पडद्याच्या मर्यादाही आहेत. तो संथ आहे, त्यामुळे व्हिडिओ किंवा खेळ यांसाठी निरुपयोगी. रंगीत ई-रीडर आले आहेत, पण त्यांचे रंग टॅब्लेटपेक्षा फिके असतात. मात्र भर उन्हात, गच्चीवर किंवा एसटीच्या खिडकीशी बसून वाचायचे असेल, तर टॅब्लेटचा पडदा आरसा होतो आणि ई-रीडरचा मात्र पुस्तकासारखा स्वच्छ दिसतो. २०१२ नंतरच्या बऱ्याच ई-रीडरना कडेने पडद्यावर पडणारा दिवाही असतो, त्यामुळे रात्री दुसऱ्याची झोपमोड न करता वाचता येते.

वाहता मजकूर आणि गोठलेले पान

कोणाला किती मोठा पडदा लागेल, हे शेवटी ठरते ते वाचायच्या मजकुरावर. ई-पुस्तके मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात मजकूर वाहता असतो. अक्षर मोठे केले, की ओळी आपोआप नव्याने जुळतात. किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तकांची सोय झाली. त्यांतल्या कथा-कादंबऱ्या बहुतांशी अशा वाहत्या मजकुराच्या असतात. यांना सहा-सात इंची पडदा पुरतो.

दुसरा प्रकार पीडीएफचा. हे पान गोठलेले असते. छापताना जसे मांडले तसेच ते पडद्यावर येते, फक्त लहान होऊन. बालभारतीची पाठ्यपुस्तके, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची संकेतस्थळावरील पुस्तके, कॉलेजच्या नोट्स, जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या प्रती हे सारे बहुधा पीडीएफ स्वरूपात असते. आणि इथेच लहान पडद्याची परीक्षा होते.

हिशेब सोपा आहे. ए-४ आकाराचे पान ८.२७ इंच रुंद असते. ते ३.६ इंचांच्या ई-रीडरवर बसवले, की सगळे निम्म्याहून लहान होते. १२ पॉइंटाचे अक्षर सव्वापाच पॉइंटाचे होऊन बसते. औषधाच्या बाटलीवरच्या अक्षरांशीच त्याची बरोबरी! ७.९ इंची टॅब्लेटवर तेच अक्षर सुमारे सात पॉइंटाचे दिसते, म्हणजे तरुण डोळ्यांना चालून जाईल असे. १०.२ इंची पडद्यावर ते जवळजवळ नऊ पॉइंटांचे होते. पान मोठे करून, इकडेतिकडे सरकवत वाचता येते हे खरे. पण दोनशे पानांचे पुस्तक असे वाचून पाहिलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही.

छापील पुस्तकाशी ताडून पाहिले, तर चित्र आणखी स्पष्ट होते. आपल्याकडे बरीच पुस्तके डेमी आकारात निघतात. त्यांचे पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचे असते. चारही बाजूंचे समास वजा केले, तर मजकुराची चौकट साधारण सव्वाचार बाय पावणेसात इंच उरते, म्हणजे २८-२९ चौरस इंच. हे क्षेत्रफळ आठ इंची पडद्याच्या जवळ जाते. क्राऊन आकाराच्या, म्हणजे पाच बाय साडेसात इंचांच्या पुस्तकाची चौकट सात इंची ई-रीडरशी जुळते. सहा इंची यंत्र म्हणजे खिशात मावणारी छोटेखानी आवृत्ती. तेव्हा ‘मला किती इंची घ्यावा?’ असा प्रश्न पडला, तर ‘मला कोणत्या आकाराचे पुस्तक हातात धरून वाचायला आवडते?’ असे स्वतःला विचारावे. उत्तर बहुधा सापडते.

कोणासाठी काय?

आजी-आजोबांसाठी : चाळिशी लागलेल्या डोळ्यांना अक्षर मोठे हवे. पण अक्षर मोठे केले, की सहा इंची पडद्यावर ओळीत तीन-चार शब्दच मावतात आणि दर अर्ध्या मिनिटाला पान उलटावे लागते. म्हणून कादंबरी, चरित्र वाचणाऱ्या ज्येष्ठांसाठी सात इंची किंवा थोडा मोठा ई-रीडर योग्य. वजनही पाहावे. २०२२ चा सहा इंची किंडल १५८ ग्रॅमचा आहे, २०२४ चा सात इंची पेपरव्हाइट २११ ग्रॅमचा, तर २०२१ चा ८.३ इंची आयपॅड मिनी २९३ ग्रॅमचा. पडल्या पडल्या वाचणाऱ्याच्या मनगटाला हा फरक अर्ध्या तासात कळतो.

शाळकरी मुलांसाठी : पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ, रंगीत आकृत्या, नकाशे यांसाठी ई-रीडर उपयोगाचा नाही. आठ इंचांहून लहान टॅब्लेटही घेऊ नये. दहा इंची असल्यास उत्तम. पडदा लहान असला, की मूल तो डोळ्यांजवळ नेते. यंत्र निदान हातभर दूर धरावे आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहावे, असा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला असतो. मुलांना तो आपोआप आठवत नाही, आठवण मोठ्यांनीच करून द्यावी लागते.

प्रवासात वाचणाऱ्यांसाठी : लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातात यंत्र धरायचे असेल, तर सहा इंची ई-रीडरला तोड नाही. इथे पडद्याच्या मापापेक्षा यंत्राची एकूण रुंदी महत्त्वाची. साधा किंडल सुमारे ११ सेंटिमीटर रुंद आहे, तर पहिला आयपॅड मिनी साडेतेरा सेंटिमीटर होता. लहान हाताच्या मुठीत पहिला मावतो, दुसरा मावत नाही.

एकच यंत्र साऱ्या घराला हवे असल्यास : आठ इंचांच्या आसपासचा टॅब्लेट हा मधला मार्ग. तो कशातच सर्वोत्तम नसतो, पण सगळ्यांचे थोडेथोडे भागवतो. मोठा मोबाईल घरात आधीच असेल, तर सात इंची अरुंद टॅब्लेटवर पैसे घालवण्यात मात्र फारसा अर्थ नाही. २००७ चा पहिला आयफोन साडेतीन इंची होता, तेव्हा सात इंच म्हणजे चैन होती. आता मोबाईलच साडेसहा इंचांपुढे गेले आहेत.

दुकानात जाण्यापूर्वी

घरच्या घरी करता येईल अशी एक साधी चाचणी आहे. वरच्या यादीतील उंची-रुंदी घेऊन जाड कागदाचे दोन-तीन तुकडे कापा. एकेक तुकडा नेहमीच्या पुस्तकाच्या पानावर ठेवून पाहा. किती मजकूर झाकला जातो, ते लगेच कळेल. तोच तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवून हातात धरा, म्हणजे मुठीचाही अंदाज येतो.

दुकानात गेल्यावर विक्रेता सुंदर फुलांची छायाचित्रे दाखवील. ती पाहून घ्यावीत आणि मग मराठी मजकूर उघडायला सांगावा. त्यात ‘उद्ध्वस्त’, ‘कर्तृत्व’, ‘राष्ट्रीय’ यांसारखे शब्द शोधावेत. जोडाक्षरे तुटतात का, उकार खालच्या ओळीला चिकटतात का, ते पाहावे. पीडीएफ वाचायची असेल, तर आपलीच एखादी फाईल सोबत न्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जो वाचणार आहे त्याला बरोबर न्यावे. आजींसाठी घ्यायचे यंत्र नातवाच्या डोळ्यांनी निवडले, की चूक ठरलेलीच.

पडद्याच्या इंचांवर किंमत ठरते, वाचनाचे सुख मात्र ओळीच्या रुंदीवर, अक्षराच्या सुबकतेवर आणि हातातल्या वजनावर ठरते. या तीन गोष्टी तपासून घेतलेले यंत्र कपाटात जाऊन पडत नाही. ते उशाशी राहते, पुस्तकासारखे.